जुना लॅपटॉप घेताना : आधी तपासणी, मग पैसे

आमच्या नात्यातील एक कुटुंब फुलचूरला राहते. फुलचूर म्हणजे गोंदिया शहराला लागूनच असलेले गाव. वडील धानाची शेती करतात, आई घरी शिलाई करते आणि मोठी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचे प्रकल्प, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, सारे आता संगणकावरच भरावे लागतात. दर वेळी गोंदियाला जाऊन कॅफेत नंबर लावायचा आणि पानामागे पैसे मोजायचे. म्हणून गेल्या वर्षी धानाचा चुकारा हाती येताच वडिलांनी ११ हजार रुपये बाजूला काढले आणि मुलीला जुना लॅपटॉप घेऊन दिला.

लॅपटॉप दिसायला चकचकीत होता. "बिल घेतले तर जीएसटी लागेल," असे दुकानदार म्हणाला, म्हणून बिल घेतले नाही. दहा-बारा दिवसांनी लॅपटॉप मंद चालू लागला, तेव्हा मुलीने मैत्रिणीच्या मदतीने त्यातील सारे पुसून विंडोज नव्याने चढवले. मोबाईलवरून इंटरनेट जोडताच पडद्यावर एका परक्या कंपनीचे नाव आले आणि त्या कंपनीचा ईमेल व पासवर्ड मागितला गेला. त्यापुढे काही चालेना. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, "हा माल आमचा नाहीच." हातात बिल नाही, मग बोलणार काय?

वडील मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. पण मुलीने दोन दिवस नीट जेवण केले नाही. "काकाजी, बाबांच्या घामाचा पैसा मी बुडवला," असे ती मला म्हणाली. चूक तिची नव्हती. काय पाहून घ्यायचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

असे का घडते, ते आधी समजून घ्या. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. हा जुना माल व्यापाऱ्यांमार्फत नागपूरला आणि तेथून गोंदियासारख्या गावी येतो. तो बहुधा मजबूत असतो. मात्र कंपनीने प्रत्येक लॅपटॉपची नोंद आपल्या नावावर केलेली असते. विकताना ती नोंद काढली नाही, किंवा लॅपटॉप चोरीचा असला, तर विंडोज नव्याने चढवताच तो जुन्या मालकाला विचारतो. तोवर सारे ठीक दिसते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात.

१) पक्के बिल घ्या. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो लॅपटॉपच्या खालच्या बाजूच्या नंबराशी ताडून पाहा. माल चोरीचा असावा असे वाटण्यास कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. बिल हेच आपले संरक्षण.

२) दुकानातच सारे पुसायला सांगा. सेटिंगमध्ये 'रिसेट' असते. त्याला तास-दीड तास लागला तरी बसून राहा. नंतर इंटरनेट जोडून पाहा. कंपनीचे नाव आले तर उठून या. लॅपटॉप चालू होताना बायोसचा पासवर्ड मागितला तरीही घेऊ नका.

३) प्रोसेसरची पिढी पाहा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. 'आय-५' नंतरचा आकडा ८२५० असेल तर आठवी पिढी, १०२१० असेल तर दहावी. नुसते 'आय-५ आहे' एवढ्यावर भुलू नका. रॅम ८ जीबी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असावी, म्हणजे काम झटपट होते.

४) बॅटरी तपासा. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवा. १०० वरून ६० टक्क्यांवर आली तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा. प्रत्येक बटण दाबून पाहा, कॅमेरा, स्पीकर, वाय-फाय चालवून पाहा, बिजागरी हलवून पाहा.

मोबाईलवरची जाहिरात पाहून, वस्तू न बघता आगाऊ पैसे तर मुळीच पाठवू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे आपला नवा पासवर्ड आणि विंडोजचे सारे अपडेट. टंकलेखन आणि हिशेबासाठी लिबरऑफिस मोफत मिळते, चोरटी सॉफ्टवेअरे चढवू नका, त्यातूनच व्हायरस शिरतात. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. घरात आधीच जुन्या पिढीचा लॅपटॉप असेल तर तो फेकू नका. त्यावर लिनक्स मिंट मोफत चढवता येते आणि लिहिण्या-वाचण्याचे काम चांगले होते. दाखले आणि गुणपत्रिका यांची एक प्रत पेनड्राईव्हवर वेगळी ठेवा.

त्या मुलीच्या आईने यंदा भिशी उचलली आणि पुन्हा साडेचौदा हजार जमवले. या वेळी मुलीने वरील यादी कागदावर लिहून नेली. पहिल्या दुकानदाराने रिसेट करून दाखवायला नकार दिला, तेव्हा ती तेथून सरळ बाहेर पडली. दुसऱ्याने सारे करून दाखवले, पक्के बिलही दिले. ते बिल आता घरच्या पेटीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवलेले आहे. शेजारची दोन मुलेही तिच्याकडे संध्याकाळी टायपिंग शिकायला येतात.

दुकानात दोन तास बसण्याची लाज वाटू देऊ नका. पैसा आपला आहे, विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.