‘ब्रेकच लागला नाही’ हे उत्तर पुरे नाही

दुचाकीचा अपघात झाला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अहो, ब्रेकच लागला नाही.’ हे वाक्य उच्चारले की चौकशी संपते. जमलेली माणसे मान डोलावतात, ‘वेळच आली होती’ म्हणतात आणि पांगतात. बचत गटांच्या, आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या बैठकांच्या निमित्ताने वाडीवाडीवर फिरताना मी हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की, आता त्याबद्दल आपण चळवळीतल्या बायकांनीच बोलले पाहिजे असे मला वाटते. ब्रेक का लागला नाही? तो तपासायचे काम कोणाचे होते? आणि त्याची किंमत कोणी मोजली?

मैत्रिणींनो, ब्रेक एका क्षणात निकामी होणे फार क्वचित घडते. लायनर महिनोन्‌महिने झिजत असतो. पायाखालचा ब्रेक रोज थोडा जास्त दाबावा लागतो. ब्रेकची वायर खाऱ्या हवेने गंजते आणि तिची एकेक तार तुटत जाते. सैल पडलेली चेन आधी खडखडते, मग एक दिवस दातांवरून उतरून मागच्या चाकात अडकते आणि चालती गाडी जागीच लोळवते. टायर गुळगुळीत होतो, तो तर लहान मुलालाही दिसतो. त्यात आपला मुलूख असा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, लाल चिखल आणि चढउतारांचे रस्ते. कशेडी, परशुराम, आंबा हे घाट तर सर्वांना माहीत आहेतच. पाण्यातून गेल्यावर ड्रममधला लायनर ओला होऊन ब्रेक धरत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून पकड सोडतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची सवय तर घराघरात आहे. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन तिला मागे ओढून धरते, तो आधारही त्यामुळे जातो आणि सगळा भार झिजलेल्या लायनरवर येतो.

म्हणजे ही दुर्घटना आधी खूप दिवस हाका मारत असते. त्या हाका ऐकायच्या कोणी? घरातली गाडी ‘त्याची’ असते. ती घ्यायची कोणती, तिच्यावर खर्च करायचा किती, ती मेस्त्रीकडे न्यायची कधी, हे सारे तो ठरवतो. मागे बसते ती. मांडीवर मूल, हातात पिशवी, साडीमुळे एका बाजूला पाय घेऊन बसलेली. गाडीच्या बिघाडाचा धोका दोघांचा आणि गाडीविषयी बोलण्याचा अधिकार एकाचा, अशी ही वाटणी आहे.

राजापूर तालुक्यातल्या एका आशाताईंनी मागच्या पावसाळ्यात नवऱ्याला दोनदा सांगितले होते की, ब्रेक मारताना मागून किरकिर आवाज येतो. ‘तुला काय कळतं गाडीतलं?’ हे उत्तर मिळाले. आठवड्याभरात वाडीच्या उतारावर गाडी थांबली नाही. नवऱ्याला खरचटले, ताईंचे मनगट मोडले. आशांचा मोबदला बराचसा कामागणिक मिळतो, तो अडीच महिने बुडाला. घरात मात्र निकाल लागला तो असा : ‘ही आडवी बसली होती म्हणून पडली.’ गाडीतले हिला कळत नाही म्हणणाऱ्या घरानेच गाडीचा दोष हिच्या बसण्यावर टाकला!

स्वतः स्कूटर चालवणाऱ्या बायकांची स्थिती फार वेगळी नाही. घरखर्चात तिच्या स्कूटरच्या सर्व्हिसिंगचा नंबर शेवटचा लागतो. मुलांची फी, औषधे, गणपती, सगळे झाल्यावर उरले तर. आपण तिच्या सबलीकरणाचे कौतुक करतो आणि ती झिजलेल्या टायरवर लसीकरणाला जाते.

कायदा आपल्या बाजूने काहीच म्हणत नाही असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण असले पाहिजे. हेच आपले साडीगार्ड. हा नियम पाळून घ्या, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला २००८ साली सांगावे लागले. उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथे २०१८ साली तो आदेश कायम राहिला. आणि आपल्याकडची तरुण मुले गाडी घरी आणल्यावर पहिले काय काढतात? साडीगार्ड. ते दिसायला बरे नाही म्हणे.

दुसरीकडे, खासगी दुचाकीची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षे चालते. एवढ्या काळात तिचे ब्रेक नेमाने तपासण्याची सक्ती नाही. पीयूसीत धूर बघतात, लायनर नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात दुचाकीवरचे ७४,८९७ जण रस्त्यावर मेले. अपघातांच्या कारणांत सर्वांत वर भरधाव वेग असतो. पण वेग आवरायला जो ब्रेक लागतो, तो शाबूत होता का, हा प्रश्न कितीशा पंचनाम्यांत नीट विचारला जातो?

बिघाड म्हणजे कोणाचाच दोष नाही, ही समजूत तर कायद्यालाही मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका लॉरी-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले आहे की, बिघाडाची सबब मालकाने सांगितली तर ती सिद्धही त्यानेच करायची. दोष आत दडलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही सापडला नसता, हे त्याने दाखवायचे. किरकिरणारा ब्रेक दडलेला नसतो.

विम्याची गोष्ट सर्वांत कटू आहे. १९९० साली स्कूटरच्या मागच्या सीटवरून पडून एक बाई मेली. तिच्या घरच्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली निकाल लागला की, केवळ कायद्याने सक्तीचा असलेला ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर मागे बसणाऱ्याची भरपाई विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर ती येते, हे विमा नियामक प्राधिकरणाने २००९ साली स्पष्ट केले. आता आपल्या भागातल्या किती जुन्या गाड्यांना पॅकेज पॉलिसी असते? पोलिसांनी अडवू नये म्हणून स्वस्तातला कागद घेतात, झाले. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा अपघात विमा २०१८ पासून सक्तीचा केला. मागे बसणारीसाठी अशी सक्ती नाही. म्हणजे घरातल्याप्रमाणे विम्याच्या कागदावरही ती पाहुणीच!

कोणी म्हणेल, गरिबाने लायनरला पैसे आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे. म्हणूनच सगळे एकट्या नवऱ्यावर ढकलून चालणार नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. पण वाडीत एसटीच येत नसेल तर ती सवलत काय कामाची? गाडी धड नाही हे दिसत असूनही बाई मागे बसते, कारण दवाखान्याला, बाजाराला, बँकेत जायला दुसरे काही नसते. तरीही, मोबाइलच्या रिचार्जला पैसे निघतात त्या घरात ब्रेकच्या लायनरलाही निघू शकतात. प्रश्न कोणाच्या जिवाला आधी मोजायचे हा आहे.

तेव्हा आपल्या गटांनी काही साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, गावातल्या मेस्त्रीला बोलावून एक दुपार बैठक घ्यावी. ब्रेक, वायर, चेन, टायर कसे बघायचे हे प्रत्येकीने हाताला काळे लावून शिकावे. काढलेली साडीगार्ड पुन्हा बसवून घ्यावीत. गटाच्या अंतर्गत कर्जात गाडीदुरुस्ती हे कारण धरावे. घरातली पॉलिसी बाहेर काढून ती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, हे वाचावे. अपघात झालाच तर पंचनाम्याची आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रत मागावी. आणि सक्तीच्या विम्यात मागची सीट आली पाहिजे, ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात लिहावी.

गाडी धड नसेल तर ‘मी बसणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे. तो वापरायचा तर गाडीतले आपल्याला कळले पाहिजे. ते कळायला फार शिक्षण लागत नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांपासूनच करू या.