नुसती ‘माउली’ म्हणू नका



दर १२ जानेवारीला आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो. १५९८ साली लखुजी जाधवांच्या घरी इथे जिजाबाईंचा जन्म झाला, म्हणून या गावाला ‘मातृतीर्थ’ म्हणतात. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. बाया लेकींना कडेवर घेऊन येतात, याचा मला आनंदच आहे. तक्रार आहे ती भाषणांबद्दल. वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, सूर एकच : ‘शिवबा घडवणारी माता’. आणि लगेच आम्हा बायांना उपदेश : तुम्हीही जिजाऊ व्हा, म्हणजे शूर मुलगे घडवा!

जिजाबाई एवढ्याच होत्या का? १६२९ साली देवगिरीवर निजामशाही दरबारात त्यांचे वडील आणि भाऊ मारले गेले, तेव्हा त्या गरोदर होत्या. पुढे आदिलशाही फौजेने उजाड केलेले पुणे पुन्हा वसले, त्या कामात त्या होत्या. वतनाच्या तंट्यांत त्यांनी लक्ष घातले, हुकूम दिले. तशी पत्रे आहेत. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला अडकले, तेव्हा मागे राज्यावर देखरेख जिजाबाईंची होती. याला साध्या मराठीत राज्यकारभार म्हणतात. तो पुरुषाने केला की मुत्सद्देगिरी आणि बाईने केला की ममता, हा कुठला न्याय?

आजी म्हणूनही त्यांना असेच गोड करून टाकले आहे. १६५९च्या सप्टेंबरात सईबाई वारल्या, तेव्हा संभाजी दोन वर्षांचा होता. कापूरहोळच्या धाराऊने त्याला अंगावर पाजले, आजीने वाढवले. दोनच महिन्यांनी अफजलखान प्रतापगडाखाली आला. मांडीवर आईविना पोर आणि दाराशी शत्रूची फौज! ती माया खरीच होती, पण ती कारभार सोडून केलेली नव्हती, कारभाराबरोबर केलेली होती. ६ जून १६७४ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडला त्या गेल्या. पोर वाढवणे हेही काम आणि राज्य सांभाळणे हेही काम.

पण काम म्हटले की हक्क येतो. म्हणून बाईच्या बाबतीत ‘काम’ हा शब्द टाळून ‘त्याग’ म्हणायचे. त्यागाला मजुरी नसते आणि सातबाराही नसतो.

माझी आजी कोरडवाहू रानात जन्मभर निंदली-खुरपली, तिने कापूस वेचला, लेकरे वाढवली आणि लेकरांची लेकरेही वाढवली. तिच्या तेराव्याला सगळे म्हणाले, “माउली होती, कधी काही मागितलं नाही.” १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांबरोबरीचा वाटा दिला. आजोबा गेल्यावर घरच्यांनी मात्र हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. कागदात काय आहे, हे तिला कुणी वाचून दाखवले नाही. जिचे मागणे आधीच कागदावर मिटवले, तिने मागितले नाही याचे कौतुक कसले?

आणि जी आई नाही तिचे काय? ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्याच. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतले. तेव्हा १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्यांनी पुरुषांना उघड जाब विचारला. ताराबाईंना मूल नव्हते. आज जिल्ह्यातल्या किती पोरींना त्यांचे नाव ठाऊक आहे? कुणाची आई म्हणून मिरवता येत नाही, ती बाई आम्ही विसरून जातो.

‘मुलगे घडवा’ या उपदेशाचे फळही समोर आहे. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, १९९४ साली केंद्राने केला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. मातृतीर्थाच्या या जिल्ह्यात आकडा त्याहूनही खाली होता. जिजाऊ आधी मुलगी म्हणून जन्मल्या होत्या, हे आरती ओवाळणाऱ्यांना कोण सांगणार?

तेव्हा बायांनो, येत्या १२ जानेवारीला आपण जाऊच, पण हात जोडून गप्प बसायला नको. व्यासपीठावरच्याला विचारू या : दादा, तुमच्या आईच्या नावावर किती एकर आहे? महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला हक्क दिला. तुम्ही बहिणीला वाटा दिला की साडीचोळीवर हक्कसोड करून घेतलीत? घरच्या म्हातारीपुढे कुणी कागद धरला, तर आधी तो मोठ्याने वाचायला लावू या. आईचे गुण गायला आमची ना नाही. पण आधी तिचे नाव सातबाऱ्यावर लावा, मग गा.