रानातला बिनपगारी जागल्या



रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की उंदीर बांध पोखरतात. रानडुकरांसाठी आपण रात्र जागतो. उंदरांसाठी जागणारा दुसराच आहे, आणि दिसला की आपण त्याला दगड मारतो.

शृंगी घुबड हे आपल्या माळावरचे मोठे घुबड. लांबी सुमारे 55 सेंटिमीटर, अंग मातकट तपकिरी, त्यावर काळ्या रेघा, डोळे नारिंगी. डोक्यावरची शिंगे म्हणजे नुसती पिसे. दाट जंगल त्याला मानवत नाही. ओढ्याची दरड, खडकाळ टेकडी, झुडपी माळ आणि शेजारी पीक, ही त्याची वस्ती. दिवस मावळला की उंच दगडावर बसून ‘बुऽ-बूऽ’ घुमते. घरटे बांधत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दरडीच्या कपारीत उघड्या मातीवर दोन ते चार अंडी घालते.

त्याच्या बैठकीखाली केसांच्या व हाडांच्या गोळ्या पडतात. एक भिजवून फोडा. कधी पाखराचे, सशाचे हाड निघेल. पण उंदरांचे दात आणि कवट्या मोजा, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको.

कृषीची पदवी घेताना मी उंदरांच्या औषधाची मात्रा पाठ केली आणि तीच सांगत गावोगाव फिरलो. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. घुबडाला तोच आधी सापडतो आणि विष त्याच्या पोटात जाते. हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. चूक माझी होती.

दुसरा घाव मुरमाचा. अंडी असतात त्याच महिन्यांत दरडीला जेसीबी लागतो. दोन ट्रॉल्या मुरमाचे पैसे एकदाच मिळतात, जागल्या मात्र कायमचा जातो.

म्हणून बैठकीत तीन गोष्टी ठरवा. घुबडाची दरड नोव्हेंबर ते एप्रिल खोदायची नाही. आधी बिळे खणून बुजवायची, सापळे लावायचे. विष अगदी शेवटी, आणि मेलेले उंदीर वेचून पुरायचे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबड मागणारा आला तर त्याला हाकलायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

राहिला अपशकुन. बोंडअळी, कोरडे आभाळ, पडलेला भाव, यांतले एकही घुबडाने आणलेले नाही. त्याने फक्त उंदीर नेले.