परदेशातील वर्ग आणि घरचे सेवापुस्तक

४ ऑक्टोबर २०१६ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भरली होती. त्या दिवशी विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनी शहरात मोर्चा काढला आणि त्याची अखेर पोलिसांच्या लाठीमारात झाली. वर्षानुवर्षे वेतनाविना अथवा नाममात्र मानधनावर शिकविणाऱ्यांचा तो मोर्चा होता. आखाती देशांतील शाळांच्या जाहिराती मराठवाड्यातील बी.एड. झालेले तरुण-तरुणी इतक्या बारकाईने का वाचतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर आरंभ दुबईपासून नव्हे, त्या मोर्चापासून करावा लागेल.

परदेशी शाळेत नोकरी पत्करणाऱ्या शिक्षकाविषयी समाजात दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे तो पैशाच्या मागे लागून आपल्या मुलांना वाऱ्यावर सोडतो. दुसऱ्या मताप्रमाणे प्रत्येकाला आपले भले पाहण्याचा अधिकार आहे, तेव्हा त्यात इतरांनी नाक खुपसू नये. ही दोन्ही मते अपुरी आहेत, कारण दोन्ही प्रश्न जाण्यापुरता पाहतात. वस्तुतः अडचण जाण्याची नाही, परतण्याची आहे. परदेशातील शाळा शिक्षकाला पैसा देते. परंतु तेथे खर्ची पडलेली वर्षे येथल्या कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. सेवाज्येष्ठतेत ती धरली जात नाहीत, निवृत्तिवेतनात धरली जात नाहीत आणि वयाची मर्यादा मात्र त्या काळातही पुढे सरकतच राहते.

घरचा हिशेब

प्रथम घरची बाजू पाहू जाता असे दिसते की, गेल्या पंचवीस वर्षांत शिक्षकाच्या नोकरीतील स्थैर्य एकेक पायरीने कमी होत गेले. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पात्रता असलेल्या उमेदवाराने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे, अशी ती योजना. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी दरमहा ३,००० रुपये होते; पुढे ते ६,००० झाले; २०२३ साली ते १६,००० रुपयांवर आले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. अनुदानाच्या बाबतीत ‘कायम विनाअनुदानित’ या शब्दप्रयोगातील ‘कायम’ हा शब्द २००९ साली वगळण्यात आला खरा. परंतु शब्द गेला म्हणून वेतन आले असे झाले नाही. ते टप्प्याटप्प्याने येत राहिले आणि एकेका टप्प्यासाठी आंदोलने करावी लागली.

भरतीचेही तसेच. शिक्षकांची निवड गुणवत्तेवर व्हावी म्हणून अभियोग्यता चाचणी सुरू झाली, हे स्वागतार्हच होते. पण पहिली चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी २०२३ च्या फेब्रुवारीत. या दोहोंमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. पंचविसाव्या वर्षी पदवी हाती घेऊन बसलेला उमेदवार या काळात तिशी ओलांडून गेला. राज्याच्या सरळसेवा भरतीची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. अशा परिस्थितीत दोन वर्षांचा करार घेऊन मस्कतला किंवा शारजाला जाणाऱ्यास कोणी मोहाला बळी पडला असे म्हणू नये. येथे वाट पाहण्यात वर्षे जाणारच असतील तर ती पगार घेऊन का जाऊ नयेत, एवढाच त्याचा साधा विचार असतो.

पूर्वी गेलेल्यांचा अनुभव

भारतीय शिक्षक परदेशी जाणे ही आजची गोष्ट नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत इथिओपियातील शाळांतून भारतीय शिक्षकांनी मोठ्या संख्येने काम केले. १९७४ साली तेथे क्रांती झाली, राजवट गेली आणि सारे संदर्भ बदलले. नायजेरियाची कथा अधिक बोलकी आहे. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला, १९७६ साली तेथे सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली आणि शिक्षकांची मोठी गरज निर्माण झाली. अनेक भारतीय शिक्षक त्या वाटेने गेले. १९८० साली एका नायराला जवळजवळ पावणेदोन डॉलर मिळत. १९८९ पर्यंत एका डॉलरला सात नायरा मोजावे लागू लागले. शिक्षकाचे शिकविणे तेच, करारावरील आकडाही तोच. पण गावी पोचणारी रक्कम मात्र विरघळून गेली.

आखातात याच्या उलट घडले, आणि त्यामुळेच तेथील नोकरीचे आकर्षण टिकून राहिले. संयुक्त अरब अमिरातीचे चलन डॉलरशी बांधलेले आहे. २०१० च्या सुमारास एका दिरहमला सुमारे १२ रुपये मिळत. २०२५ मध्ये २३ च्या आसपास मिळू लागले. म्हणजे पगारात एका दिरहमची वाढ न होताही घरी येणारे रुपये जवळजवळ दुप्पट झाले. पुष्कळ कुटुंबे यालाच प्रगती समजतात. पण ती शिक्षकाच्या कामाला मिळालेली किंमत नसून रुपयाची घसरण आहे, आणि ज्या काळात रुपया घसरला त्याच काळात येथील घराच्या, दवाखान्याच्या व महाविद्यालयाच्या खर्चानेही पाठ सोडलेली नाही.

शिवाय एका रात्रीत सर्व काही उलटेपालटे होऊ शकते, हे कुवेतने दाखविले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा तेथे शिरल्या. एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत कामगार होते तसे डॉक्टर, कारकून आणि शिक्षकही होते. अनेकांची बँकेतील शिल्लक आणि घरातील चीजवस्तू तेथेच राहिली.

एकाच फलकाखालील अनेक शाळा

आज ‘आंतरराष्ट्रीय शाळा’ हा शब्द फारच सैलपणे वापरला जातो. परदेशात नोकरी शोधणाऱ्याने त्यातील भेद ओळखला पाहिजे. पहिला प्रकार भारतीय समाजासाठी चालणाऱ्या, बहुधा केंद्रीय मंडळाशी संलग्न असलेल्या शाळांचा. बहारीनमधील भारतीय शाळा १९५० पासून, दुबईतील १९६१ पासून आणि मस्कतमधील १९७५ पासून चालू आहे. येथे भारतीय पदवीला मान आहे. परंतु फी मध्यमवर्गीय पालकांना परवडेल अशी ठेवावी लागते, म्हणून पगारही बेताचाच राहतो. या शाळांतून शिकविणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतील कित्येक पतीच्या व्हिसावर राहतात. घरभाडे पतीच्या पगारातून भागते असे गृहीत धरून त्यांना कमी वेतन देणे शाळेला सोपे जाते. तोच पगार एकट्याने जाणाऱ्या तरुणाला पुरत नाही, हे येथून निघताना कोणी सांगत नाही.

दुसरा प्रकार ब्रिटिश, अमेरिकन अथवा जिनिव्हाच्या बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या शाळांचा. तेथे पगार, घर, विमानभाडे, मुलांचे शिक्षण असे सर्व मिळते; पण इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट असणाऱ्यास तेथे सहसा अग्रक्रम मिळतो. गणित उत्तम शिकविणारा मराठी शिक्षक आणि साधारण शिकविणारा इंग्रज शिक्षक यांत निवड करताना पालकांच्या समजुतीचे पारडे कोणीकडे झुकते, हे सांगावयास नको.

तिसरी वाट आता पश्चिमेकडे उघडत आहे. इंग्लंडमध्ये शिक्षकांची टंचाई आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ ठिकाणच्या पात्र शिक्षकांना तेथील शिक्षकपदाची मान्यता थेट मागण्याची सोय झाली. मात्र या नव्याने घेतलेल्या ठिकाणच्या शिक्षकांसाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती ठेवण्यात आली. अमेरिकेत विनिमय व्हिसावर शिक्षकाला सामान्यतः तीन वर्षे, आणि मुदतवाढ मिळाल्यास पाच वर्षे, राहता येते. पुढे परतावे लागते. दोन्ही देशांचा हेतू स्पष्ट आहे: जेथे त्यांची गरज तेथेच दार उघडे. यात त्यांचा दोष नाही. परंतु गणित व विज्ञान हेच विषय कन्नड, वैजापूर, पैठण या तालुक्यांतील शाळांनाही हवे आहेत, याचा विचार मुंबईत कोणी करतो काय?

कराराचे बारीक अक्षर

आखातातील नोकरीचा गाभा असा की, तेथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की मुदतीत घर, गाव आणि मुलांची शाळा सोडावी लागते. निवृत्तिवेतन नाही. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे व पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. ‘मूळ वेतन’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारण करारात भत्ते फुगवून मूळ वेतन लहान ठेवले की दहा वर्षांच्या सेवेची पुंजीही लहान होते. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी नोकरांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीने परवाना घेणे आवश्यक केले आहे. आई आजारी पडली म्हणून गावी निघालेल्या शिक्षकाला या नियमाचा अर्थ पहिल्यांदा कळतो.

आपल्याकडील कायद्याची गंमत याहून वेगळी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी जाणाऱ्या कामगारांना संरक्षण दिले. आखातासह ठरावीक देशांत जाण्यापूर्वी त्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. पण दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही. सुशिक्षित मनुष्य आपला करार आपण वाचील, अशी त्यामागील कल्पना. परिणामी गवंड्याचा करार निदान कोठेतरी तपासला जातो आणि शिक्षकाचा करार मात्र दलाल आणि शिक्षक यांच्यातच राहतो.

येणारे आणि जाणारे

शिक्षकाने गाव सोडणे म्हणजे द्रोह, असे मराठवाड्याने तरी म्हणू नये. हा प्रदेश घडला तो बाहेरून आलेल्या शिक्षकांच्या हातून. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर जिल्ह्यातून आले आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवू लागले. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली या शहरात जे महाविद्यालय उभे केले, त्या मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस हेही बाहेरूनच आले होते. ही माणसे मोठ्या शहरांतून लहान ठिकाणी आली ती वेतनाच्या लोभाने नव्हे. पण त्यांना येथे करण्याजोगे काम होते आणि त्या कामाला समाजात मान होता. आज उणीव आहे ती याचीच. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांना २०२२ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा हवी होती, तर तो वादाचा विषय झाला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. जगाने गौरविलेल्या शिक्षकाची ही स्थिती, तर सामान्य शिक्षकाची काय कथा!

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत. केरळने परदेशी नोकऱ्यांसाठी १९७७ साली स्वतःचे महामंडळ काढले आणि १९९६ साली अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. महाराष्ट्रानेही २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आहे. मनुष्यबळ पाठविण्यात सरकारला कमीपणा वाटत नसेल, तर शिक्षकाचा करार तपासून देणारा एक कक्ष विभागीय पातळीवर उघडण्यात अडचण कोणती? सेवेतील शिक्षकाला पद राखून ठरावीक मुदतीची बिनवेतन रजा आणि परतल्यावर त्याच्या अनुभवाची नोंद. सेवेबाहेरील उमेदवारास परदेशात मान्यताप्राप्त शाळेत शिकविलेल्या वर्षांपुरती वयात सवलत: एवढे केले तरी गेलेल्यांपैकी अनेक जण परतण्याचा विचार करतील, आणि येताना नवे काही शिकून येतील.

तोवर शिक्षकाने स्वतःपुरता हिशेब मांडावा हे बरे. मूळ वेतन किती, घर कोण देणार, मध्येच नोकरी सुटल्यास परतीचे भाडे कोणाचे, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात, आणि परतल्यावर वय काय असेल, हे पाच प्रश्न सही करण्यापूर्वी विचारले पाहिजेत. निवृत्तिवेतनाची तजवीजही पहिल्या महिन्यापासूनच करावी. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे खाते अनिवासी भारतीयासही चालविता येते.

निवड हा शब्द दोन्ही वाटा चालण्याजोग्या असतील तरच शोभतो. आज शिक्षक परदेश निवडतो असे आपण म्हणतो. पण घरच्या वाटेवर वेतन नाही आणि परतीच्या वाटेवर जागा नाही, अशा माणसाने काय निवडले? ज्या शासनाने २०१६ साली शिक्षकांपुढे पोलीस उभे केले, त्याने त्यांच्यापुढे घरचे सेवापुस्तक उघडून ठेवावे. मग कोणी गेला तरी त्याच्या जाण्याला कोणी नावे ठेवणार नाही.