बॅटरी घ्यायचीय? आधी अंतर मोजा

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पोत उन्हात नेऊन बघतो, कुकर घेताना झाकण दहादा लावून काढून पाहतो. पण घरात बॅटरी घ्यायची वेळ आली की काय होतं? पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात खोक्यांचे ढीग लागतात. कुणावर ‘२ किलोमीटर’, कुणावर ‘१ लाख लुमेन’. किंमत मात्र तीन-चारशे रुपये! मोठ्यात मोठा आकडा बघून आपण पैसे मोजतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच ढिगापुढे उभ्या असतो.

दिवाणखान्यात दिवे गेले तर मेणबत्तीनंही भागतं. पण गावात घर असलं तरी आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचा एक पाय शेतात असतो. शेतीपंपाला वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर विजेमुळे जिथं ती दिवसा मिळू लागली, तिथली रात्रीची पायपीट थांबली. बाकी ठिकाणी मात्र अजूनही रात्री बारा-एकला कुणीतरी मोटर चालू करायला, दारं धरायला जातंच. जुन्नर-आंबेगावकडे तर उसात बिबट्या असतो. जाणारा जातो, आणि तो परत येईपर्यंत घरी जागं राहणारी आपणच असतो. म्हणून ही खरेदी ‘पुरुषांची बाब’ म्हणून सोडून देऊ नका.

किती लांबचं बघायचंय?

दुकानात जाण्याआधी हा एक प्रश्न घरात विचारा. आमच्याकडे धाकटे भावजी पाण्याच्या पाळीला जातात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “लांबचं म्हणजे बांधापासून विहिरीपर्यंत दिसलं की झालं.” दिवसा त्यांना पावलं मोजायला सांगितलं. भरली १२०. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरलं तर झाले ९० मीटर. म्हणजे गरज ९० मीटरची, आणि दुकानदार विकतोय २ किलोमीटर! लांबच्या मोकळ्या रानात, मोठ्या बागेत ही गरज दीडशे-दोनशे मीटरपर्यंत जाईल. त्याहून जास्त लागणारी घरं थोडीच.

खोक्यावरचे दोन आकडे

खोक्यावर ‘लुमेन’ आणि ‘कँडेला’ असे दोन शब्द असतात. घाबरू नका, अंगणातली पाण्याची नळी आठवा. नळीतून एकूण किती पाणी येतं, ते लुमेन. तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी पार कुंपणापर्यंत उडतं, तो जोर म्हणजे कँडेला. लांबचं बघायचं असेल तर कँडेला बघायचा. लुमेन भरपूर आणि कँडेला थोडा असेल, तर अंगण उजळेल पण विहीर दिसणार नाही.

कँडेलावरून अंतर काढायचं गणित सातवी-आठवीतल्या मुलालाही जमेल. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा, झाले मीटर. २,५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४०० मीटर. पाहा हं, अंतर दुप्पट करायला जोर चौपट लागतो. म्हणून तर लांब पल्ल्याची बॅटरी महाग पडते. २ किलोमीटरसाठी १० लाख कँडेला लागतील. तसे टॉर्च मिळतात, पण त्यांचं तोंडही मोठं असतं आणि किंमतही. मुठीत मावणाऱ्या चारशेच्या बॅटरीचं ते काम नव्हे.

आता त्यातली मेख ऐका. अमेरिकेत २००९ साली टॉर्च मोजण्याची एक पद्धत ठरली, तिचं नाव एएनएसआय एफएल १. चांगल्या कंपन्या तिच्याप्रमाणेच आकडे छापतात. या पद्धतीत उजेड पाव लक्स उरेल तिथं अंतर संपलं असं धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात झाड आहे एवढं कळतं, पण झाडाखाली बसलंय ते कुत्रं की आणखी काही, ते कळत नाही. म्हणून छापलेल्या अंतराचं निम्मंच आपलं समजा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो. भावजींना ९० मीटर हवे होते, तेव्हा छापील २०० मीटरची, म्हणजे १०,००० कँडेलाची बॅटरी पुरे. एवढं ठरवून दुकानात गेलं की निम्मे खोके आपोआप बाद होतात.

‘१ लाख लुमेन’चं कोडंही सोडवून टाकू. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो. १ लाख लुमेन म्हणजे असे शंभरावर बल्ब एकदम! ते एका बोटभर सेलवर लागतील का, तुम्हीच सांगा.

वाटी बघा, लेन्स बघा

बॅटरीच्या तोंडात चकचकीत वाटी असते. ती जितकी रुंद आणि खोल, तितका उजेड बांधून लांब जातो. दोन-अडीच इंच तोंडाची, गुळगुळीत आरशासारख्या वाटीची आणि आत एकच दिवा असलेली बॅटरी लांबसाठी चांगली. वाटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल, तर उजेड मऊ आणि पसरट पडतो. आत चार-पाच दिवे दाटीवाटीनं बसवलेले असतील, तर तो उजेड अंगणासाठी ठीक.

तोंड मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करायच्या बॅटऱ्या स्वस्त असतात आणि लांबही दिसतं. पण झोत बारीक केला की बराच उजेड आतच वाया जातो, आणि सरकत्या फटीतून पावसाचं पाणी शिरतं. पाण्याचं भय असेल तर खोक्यावर ‘आयपीएक्स’ शोधा. ४ म्हणजे उडणारं पाणी चालेल. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. पाटाच्या कडेनं चालणाऱ्याच्या हातात ७ असलेली बरी.

खरा पैसा सेलमध्ये

आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या सेललाही, त्यामुळे दुकानात घोटाळा होतो. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बहुधा ‘१८६५०’ नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. त्याची ताकद एमएएचमध्ये लिहितात. या मापाच्या चांगल्या सेलची ताकद ३,५०० च्या आसपास संपते. त्यावर ९,९०० लिहिलेलं दिसलं तर सेल तिथंच ठेवा आणि दुकानाबाहेर पडा. जो एवढं खोटं छापतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा?

ह्याची घरगुती परीक्षाही आहे. असा अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. ३० ग्रॅमच भरला, तर आत काय आहे ते न सांगता कळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलवर आयएस १६०४६ आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, तोही शोधा.

३,५०० च्या सेलवर ९ वॉटचा बल्ब सव्वा-दीड तास चालेल, इतकीच शक्ती त्यात असते. तेव्हा ‘पूर्ण उजेडात १० तास’ कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. शिवाय चालण्याचे तास छापताना उजेड दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ धरायची पद्धत आहे. म्हणजे ‘५ तास’ लिहिलं असलं तरी शेवटचा तास काजव्याचा असू शकतो.

सेल बदलता येणारा टॉर्च घ्या. आतच बंद केलेला सेल थकला की अख्खी वस्तू जाते. बदलता येत असेल तर दोन-तीन वर्षांनी फक्त सेलचा खर्च. हाती हजार-दीड हजार असतील, तर आधी खरा सेल आणि योग्य वाटी बघा. आठ प्रकारची उघडझाप, कडेचा लाल-निळा दिवा, काच फोडायची हातोडी, ह्यांवर एक पैसाही घालू नका. आणि बॅटरी वर्षातून चारदाच लागत असेल, तर साध्या अल्कलाईन सेलवर चालणारी घ्या. काम झालं की सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून स्प्रिंग खातात.

घरी आणल्यावर पारखा

दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच बॅटऱ्या सारख्या दिसतात. म्हणून बदलून मिळेल का, ते आधी विचारा आणि बिल घ्या. रात्री खोली अंधारी करून दहा फुटांवरून भिंतीवर झोत टाका. मधला ठिपका जितका लहान आणि प्रखर, तितकी मजल लांब. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर जवळच्या शाळेच्या मैदानावर जा. तिथं १०० मीटर धावण्याची रेघ असतेच. एका टोकाला मुलाला काळा शर्ट घालून, तोंड पलीकडे करून उभं करा आणि दुसऱ्या टोकावरून बघा. माणूस ओळखू येतो की नुसती सावली दिसते, ते तुमच्या डोळ्यांना कळेल.

मग एकदा पूर्ण उजेडात लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासानं बघा. पहिल्या काही मिनिटांतच उजेड थोडा उतरला तर घाबरू नका. तापू नये म्हणून चांगल्या बॅटऱ्या तो आपणहून कमी करतात. पण तासाभरात पार मिणमिणती झाली, तर बिल घेऊन दुकान गाठा.

विहीर दिसली, पाऊल कुठं पडलं?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लांबचा झोत बारीक असतो. तो विहिरीवर धरला की पायाशी अंधार आणखीच दाटतो, कारण डोळे त्या प्रखर ठिपक्याला सरावतात. बिबट्याचे डोळे लांबून झोतात चमकतात. सापाचे तसे चमकत नाहीत, आणि तो असतो चार पावलांवर. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, त्यातली निम्मी पावसाळ्यात. हा आकडा वाचल्यावर ‘किती लांब’ एवढंच विचारून भागत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की सगळे पैसे एका बॅटरीत घालू नका. लांबची मोजक्या पल्ल्याची घ्या आणि उरलेल्या पैशांत पसरट उजेडाची एक लहान बॅटरी घ्या. लहान बॅटरी खाली, कमरेशी धरून चालायचं. उजेड आडवा पडला की काठीची, दोरीची, सापाची सावली उठून दिसते. तिचा उजेड निळसर पांढरा नको, किंचित पिवळसर असावा. त्यात तपकिरीवरचा तपकिरी वेगळा कळतो.  मोठी बॅटरी थांबल्यावर लांबचं बघायला. पायात बूट आणि हातात काठी हवीच. आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथं मिळतं.

थोडी निगा

लिथियम सेल उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला लावू नका, आणि रात्रभर तर नकोच. सुटा सेल पर्समध्ये किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकू नका. दोन टोकं धातूनं जुळली तर तो पेट घेऊ शकतो. बरेच दिवस लागणार नसेल तर निम्मा-पाऊण भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. पिशवीत ठेवताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करा, म्हणजे बटण दाबलं जाऊन आतल्या आत तापणार नाही. मुलांना एकमेकांच्या डोळ्यांत झोत मारू देऊ नका, आणि रस्त्यावर समोरच्या गाडीवरही धरू नका. फुगलेला सेल केरात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बॅटरीची जागाही ठरवा. दाराजवळ एक खिळा, त्यावर दोन्ही बॅटऱ्या, आणि शेजारी कॅलेंडरवर चार्जिंगची तारीख. घरातल्या प्रत्येकाला ती जागा अंधारात चाचपून सापडायला हवी. तेव्हा या आठवड्यात खरेदी करू नका. आधी घरच्यांना पावलं मोजायला पाठवा. आकडा हाती आला, की मग पिशवी घेऊन बाजारात चला.