पाण्यावर तिऱ्हाईत पहारा हवा!



मी केदारखेड्याचा, पूर्णाकाठचा. पोटासाठी जालन्यात लोखंडाच्या गिरणीत राबतो. शाळा चौथीपर्यंतच, पण एक धडा गिरणीनं पक्का शिकवला. हजेरीचं रजिस्टर मालकाच्याच हातात असलं, की ओव्हरटाइमचे तास कमीच भरतात. आम्ही भांडलो, रजिस्टरपाशी युनियनचा माणूस बसवला. तेव्हा कुठं तास बरोबर भरू लागले.

नदीचंही तसंच आहे. १ मे १९६० ला मराठी माणसाचं एक घर झालं. मराठवाडा हौसेनं त्या घरात आला. भाषेनं आपण भाऊ झालो. पण भावाभावांतला पाण्याचा वाटा मोजणार कोण?

२००५ साली कायदा झाला, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. कायदा म्हणतो, तुटीच्या वर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी ठेवा. कायदा चांगलाच आहे! १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणानं जायकवाडीबाबत निकाल दिला, २०१६ ला मुंबई हायकोर्टानं समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. तरी २०२३ च्या दुष्काळात काय झालं? नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा हुकूम ३० ऑक्टोबरला निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. कारण हुकूम एकाचा, दरवाजाची चावी दुसऱ्याची. जे खातं धरण चालवतं, तेच पाणी मोजतं!

पण बाबांनो, नुसतं वरच्याकडं बोट दाखवून भागायचं नाही. आपल्या खाली जाफराबाद आहे, पुढं येलदरी आहे. त्यांच्या लेखी आपणच वरचे! पूर्णेच्या पात्रात बिगर परवान्याच्या मोटारी आहेत, त्यात एक माझ्याच भावकीतली आहे. नाशिककराला लावू तेच माप आपल्यालाही लागलं पाहिजे. नाहीतर आपली मागणी खोटी.

म्हणून मागणी अशी: प्राधिकरणाचे स्वतःचे मोजणीदार हवेत, सरकारी खात्याच्या हाताखालचे नकोत. निवडीत खालच्या टोकाच्या गावांचा माणूस हवा. किती पाणी आलं, किती सुटलं, हे रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. हुकूम मोडणारा साखरसम्राट असो की आमचा भाऊबंद, दंड एकच.

राज्य एक केलंत, आता मापही एक करा!

जय महाराष्ट्र!