नवा फोर-व्हील ट्रॅक्टर घेतलात?

राहुरीच्या काळ्या रानात पावसाळ्यात साधा ट्रॅक्टर रुततो, म्हणून अनेकजण फोर-व्हील घेतात. चिखलात, नांगरटीत फोर-व्हील टाका. डांबरी रस्त्यावर काढा. पुढची चाके किंचित जास्त वेगाने ओढतात, त्यामुळे कडक रस्त्यावर टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइल, रेडिएटरचे पाणी, टायरची हवा पाहा. धुळीत काम झाले की एअर क्लीनर साफ करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले हवेत; वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर उलटू शकतो.

ईदला नातवंडे गावी येतात, मडगार्डवर बसायचा हट्ट धरतात. तेवढा हट्ट मात्र पुरवू नका. एका खड्ड्याच्या धक्क्याने मूल थेट मागच्या चाकाखाली जाते.